रिओहाची ओकमध्ये मुरलेली लाल वाइन: बाटली निवडण्यापासून उरलेल्या घोटापर्यंत

उत्तर स्पेनमधल्या रिओहाची ग्रान रेसेर्वा, म्हणजे तिथल्या वर्गवारीतली सर्वात जास्त मुरवलेली लाल वाइन, हौसेने आणायची, ऐन उन्हाळ्यात दिवाणखान्याच्या कपाटात ठेवायची, पाहुणे यायच्या आधी दोन तास डिकँटरमध्ये (वाइनला हवा द्यायच्या रुंद काचेच्या भांड्यात) ओतायची, मग झणझणीत रश्श्याबरोबर प्यायची आणि शेवटी म्हणायचं, ‘एवढ्या पैशांत हेच मिळतं का?’ हा प्रकार फार घरांत होतो. त्यात दोष वाइनचा नसतो. या चुका ओळीने झालेल्या असतात आणि प्रत्येक चूक आधीच्या चुकीला आणखी वाढवते.

काही लाल वाइन विकत घेतल्यावर मुरवायच्या असतात. रिओहाच्या ओकमध्ये, म्हणजे ओक लाकडाच्या पिंपात, ठेवलेल्या वाइनसाठी ही वाट वायनरीनेच बघितलेली असते. बाटली तुमच्या हातात येते तेव्हा ती बऱ्याच अंशी तयार असते, त्यामुळे तुमचं काम ती बिघडू न देण्याचं आहे. ती किती मुरलेली आहे हे एकदा कळलं की तापमान, हवा, बूच काढायचं साधन, सोबतचं जेवण हे सगळं त्यावरून ठरतं. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, आणि पहिला टप्पा तर कधीच सोडू नका.

टप्पा १: लेबलवरून मुरण्याचा काळ ओळखा

बाटलीच्या मागच्या बाजूला रिओहाच्या नियामक परिषदेची छोटी पट्टी असते. तिचा रंग आणि तिच्यावरचा शब्द पाहा. लाल वाइनसाठी नियम असे आहेत:

- हिरवी पट्टी: सर्वसाधारण वाइन. ओकमध्ये किती काळ ठेवायची याची सक्ती नाही.
- लाल पट्टी, क्रियान्सा: एकूण किमान 2 वर्षं, त्यातलं किमान 1 वर्ष ओकच्या पिंपात.
- गडद तांबडी पट्टी, रेसेर्वा: एकूण किमान 3 वर्षं. किमान 1 वर्ष पिंपात आणि किमान 6 महिने बाटलीत.
- निळी पट्टी, ग्रान रेसेर्वा: एकूण किमान 5 वर्षं. किमान 2 वर्षं पिंपात आणि किमान 2 वर्षं बाटलीत.

पिंप साधारण 225 लिटरचं असतं. त्याहून मोठ्या पिंपात वाइनला लाकडाचा स्पर्श कमी मिळतो, म्हणून हा आकडाही महत्त्वाचा.

हे शब्द वाचताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, हे शब्द म्हणजे चवीची उतरंड आहे असं समजणं. ग्रान रेसेर्वा म्हणजे जास्त मुरलेली, एवढंच निश्चित. ताज्या फळाची चव आवडणाऱ्याला चांगली क्रियान्सा कदाचित त्याहून जास्त आवडेल. दुसरा, हिरवी पट्टी म्हणजे ओक नाहीच असं धरून चालणं. रिओहातल्या काही नामवंत आणि महाग वाइन दीड-दोन वर्षं ओकमध्ये राहूनही हिरव्या पट्टीने विकल्या जातात, कारण त्या वायनरींना या वर्गवारीत बसायचंच नसतं. तिसरा घोटाळा प्रदेशाचा. क्रियान्सा हा शब्द स्पेनभर चालतो, पण देशाच्या सर्वसाधारण नियमात तिच्यासाठी ओकमधले 6 महिनेच पुरतात. रिओहा आणि रिबेरा देल दुएरो (स्पेनमधलाच दुसरा वाइन-प्रदेश) इथे ते 12 महिने आहेत. म्हणजे शब्द एकच असला तरी बाटल्या सारख्या नसतात.

आता वर्ष पाहा. ‘कोसेचा’ या शब्दापुढे छापलेलं वर्ष द्राक्षं तोडल्याचं असतं, बाटली भरल्याचं नाही. 2001, 2004, 2005, 2010 आणि 2011 या हंगामांना रिओहाच्या परिषदेने ‘उत्कृष्ट’ हा सर्वात वरचा दर्जा दिला आहे. तरी वर्षाच्या फार मागे लागू नका. चांगली वायनरी साधारण हंगामातही नेटकी वाइन काढते. या टप्प्यावर वर्षाचा खरा उपयोग वयाचा हिशेब करण्यासाठी आहे.

तपासा: बाटलीचा वर्ग आणि आजचं वय या दोन गोष्टी कागदावर लिहा. ‘रेसेर्वा, 8 वर्षं’ एवढं पुरे. पुढे प्रत्येक टप्प्यावर हा कागद लागेल.

टप्पा २: लाकूड कोणतं, ते शोधा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर वासावरून गोंधळतात.

रिओहाची जुनी ओळख अमेरिकन ओकची. या लाकडातल्या लॅक्टोन नावाच्या घटकामुळे वाइनला ओल्या खोबऱ्याचा, गोडसर व्हॅनिलाचा आणि कधी कधी चक्क शेपूचा वास येतो. शेपूचा वास हा दोष नाही, तो लाकडाचा आहे. फ्रेंच ओकमुळे वास लवंग, देवदाराचं लाकूड, भाजलेला पाव यांच्याकडे झुकतो आणि तुरटपणा अधिक घट्ट, बारीक पोताचा लागतो. रिओहातल्या आरो गावातल्या ला रिओहा आल्ता आणि लोपेस दे एरेदिया या जुन्या वायनरी अमेरिकन ओकच्या परंपरेतल्या. त्याच गावातली रोदा फ्रेंच ओककडे वळलेली, तर मुगा दोन्ही वापरते. वायनरीच्या संकेतस्थळावर प्रत्येक वाइनचं माहितीपत्रक असतं. त्यात लाकूड कुठलं आणि पिंपांपैकी नवी किती, हे दोन्ही वाचा.

नवं पिंप वास जास्त देतं. पाच-सहा वेळा वापरून झालेलं पिंप वास जवळजवळ देत नाही, पण त्याच्या फळ्यांमधून प्राणवायू सावकाश आत झिरपत राहतो. त्या संथ झिरपण्याने टॅनिनचे, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकाचे, रेणू एकमेकांना जोडले जातात, तुरटपणाची धार बोथट होते, रंग हलका पडतो. ला रिओहा आल्तामध्ये दर सहा महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात आणि गाळ मागे ठेवतात. म्हणून तिथली चार-चार वर्षं लाकडात राहिलेली वाइनही लाकडाने लडबडलेली लागत नाही. किती महिने ठेवली यापेक्षा कशा पिंपात ठेवली हे जास्त बोलतं. लेबलवर मात्र फक्त महिने दिसतात.

द्राक्षांचं थोडक्यात सांगतो. मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो. ‘गार्नाचा’ हे दुसरं द्राक्ष भरीवपणा आणि उष्ण, पिकलेल्या फळांची चव देतं. ग्रासियानो आणि मासुएलो ही द्राक्षं थोड्याच प्रमाणात असतात, पण वाइनला उभं धरणारा आंबटपणा त्यांच्याकडून येतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या ग्रान रेसेर्वांमध्ये ही दोन नावं बहुधा सापडतील.

टप्पा ३: पैसे देण्याआधी बाटली तपासा

मुंबई, पुणे, नागपूर असो वा आखात, उष्ण हवेत वाइनचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे साठवण. वायनरीने पाच वर्षं जपलेली वाइन गरम गोदामात काही आठवड्यांत खराब होते. दुकानात या गोष्टी पाहा:

1. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर किंचित वर आलेलं आहे का? वरच्या वेष्टनाला फुगवटा असेल तर बाटली तापलेली आहे.
2. वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे का? असेल तर घेऊ नका.
3. वाइनची पातळी कुठे आहे? दहा वर्षांच्या आतल्या बाटलीत ती मानेतच हवी. खांद्यापर्यंत उतरलेली असेल तर हवा आत गेली आहे.
4. बाटली दिव्याखाली किंवा काचेच्या खिडकीत मांडलेली आहे का? तसं असेल तर आतल्या कपाटातली दुसरी मागा.

बाटलीभोवती सोनेरी तारेची जाळी दिसली तर तिच्यावरून दर्जा ठरवू नका. रिओहात ती शोभेची परंपरा आहे आणि ती स्वस्त बाटल्यांवरही असते.

सावधान: आयात करणाऱ्याची चिकटपट्टी कधी कधी मागच्या लेबलवरच लावलेली असते आणि परिषदेची पट्टी तिच्याखाली दडते. मग पुढच्या लेबलवरचा वर्ग वाचा. तिथेही काही लिहिलेलं नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर ग्रान रेसेर्वाचे पैसे देऊ नका.

टप्पा ४: घरी आणल्यावर आडवी, पिण्याआधी उभी

साठवण 12 ते 14 अंश सेल्सिअसला, अंधारात, आडवी. आडवी ठेवल्याने बूच ओलं राहतं. घरात वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल आणि बाहेर 30 अंशांच्या वर पारा असेल, तर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा कपाटापेक्षा केव्हाही बरा. तिथे काही महिने बाटली ठेवायला हरकत नाही. वर्षानुवर्षं मात्र नको, कारण तिथली हवा कोरडी असते आणि बूच सुकतं.

रेसेर्वा आणि ग्रान रेसेर्वामध्ये गाळ असू शकतो. जोडले गेलेले रंगकण आणि टॅनिन खाली बसतात, त्याचाच तो गाळ. तो निरुपद्रवी आहे, पण तोंडात आला तर कडवट आणि रवाळ लागतो. म्हणून:

- क्रियान्सा: उभी करून ठेवायची खास गरज नाही.
- रेसेर्वा: आदल्या रात्री उभी करा.
- ग्रान रेसेर्वा: किमान 24 तास उभी. पंधरा-वीस वर्षांपुढची असेल तर दोन-तीन दिवस.

बाटली विमानातून किंवा कुरिअरने आलेली असेल तर तिला आठवडाभर हलवू नका. जुनी बाटली सामानातून काढून त्याच रात्री उघडणं म्हणजे ढवळलेला गाळ पेल्यात ओतणं.

टप्पा ५: तापमान

इथे सर्वाधिक बाटल्या वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड दगडी घरांतून आला. आपल्या खोलीचं तापमान 28 ते 32 अंश असतं. त्या तापमानाला 14 टक्के अल्कोहोलची वाइन नाकात झोंबते, फळ मुरंब्यासारखं जड लागतं आणि व्हॅनिलाचा वास बाकी सगळ्यावर बसतो. ‘लाकूडच लाकूड लागतं’ अशी तक्रार आली की मी सर्वात आधी बाटली किती अंशांवर होती ते विचारतो.

लक्ष्य असं ठेवा: क्रियान्सा 14 ते 16 अंश, रेसेर्वा 16 ते 17, ग्रान रेसेर्वा 17 ते 18.

तिथपर्यंत पोहोचायचे दोन रस्ते आहेत. खोलीत 30 अंश असतील तर साध्या फ्रिजमध्ये साधारण सव्वा ते दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवून 12 ते 15 मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर थंड करतं, कारण पाणी काचेला सगळीकडून भिडतं. गाळ असलेली बाटली बादलीत घालू नका, ती फ्रिजमध्ये उभीच थंड करा. शंका असेल तर स्वयंपाकघरातला थर्मामीटर पहिल्या पेल्यात बुडवून पाहा.

खोलीत वातानुकूलन नसेल तर लक्ष्यापेक्षा 2 अंश खाली काढा. पेल्यातली वाइन बघता बघता तापते. जास्त थंड झालेली वाइन हाताच्या ऊबेने वर आणता येते, पण तापलेली वाइन पेल्यात परत थंड होत नाही.

सावधान: डीप फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका. वाइन गोठताना फुगते आणि बूच बाहेर ढकलते. आणि पेल्यात बर्फ टाकणं म्हणजे पाच वर्षं मुरलेल्या वाइनमध्ये पाणी घालणं.

टप्पा ६: बूच काढा

वरचं वेष्टन तोंडाच्या खालच्या कडेच्या खाली कापा, वरच्या कडेवर नाही. तोंड ओल्या, बिनवासाच्या कापडाने पुसून घ्या. वेष्टनाखाली काळसर बुरशी दिसली तर घाबरू नका, पुसून टाका.

क्रियान्सा आणि तरुण रेसेर्वासाठी वेटरचा साधा घडीचा कॉर्कस्क्रू उत्तम. मळसूत्राचं टोक बरोबर मधोमध रोवा, एक वेढा बाहेर ठेवा म्हणजे बुचाचे कण खाली पडणार नाहीत, आणि सावकाश वर ओढा.

पंधरा वर्षांपुढच्या ग्रान रेसेर्वासाठी दोन पात्यांचा बूचकाढा घ्या. त्याची पाती बूच आणि काच यांच्या फटीत आळीपाळीने दाबत खाली न्यायची आणि फिरवत फिरवत बूच वर आणायचं. जुनं बूच मळसूत्राने अनेकदा तुटतं.

तुटलंच तर उरलेल्या तुकड्यात मळसूत्र तिरकं घालून पुन्हा प्रयत्न करा. आत पडलं तर स्टीलच्या बारीक गाळणीतून वाइन गाळून घ्या. कापड वापरायचं असेल तर साबणाचा वास नसलेलं, नुसत्या पाण्यात उकळलेलं मलमल घ्या.

बुचाच्या खालच्या टोकाला चकाकणारे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. काच नाही, साखर नाही, अपायही नाही.

टप्पा ७: आधी चाखा, मग हवा द्यायची का ते ठरवा

क्रम महत्त्वाचा. दोन चमचे वाइन पेल्यात ओता, वास घ्या, चाखा. तीन शक्यता असतात.

*भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास.* हा बुचातून आलेला दोष आहे. हवा दिल्यावर तो जात नाही, उलट अधिक स्पष्ट होतो. दुकानदार बदलून देत असेल तर बाटली परत करा.

*व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा तीव्र वास.* वाइन बिघडली आहे. अगदी पुसटसा असेल तर मात्र तो जुन्या पद्धतीच्या रिओहाच्या स्वभावातच बसतो.

*सुरुवातीला बंद खोलीसारखा वास, पण दहा मिनिटांत निवळणारा.* हा फक्त बाटलीत कोंडलेला वास आहे. थांबा.

बाटली ठीक असेल तर हवेचा हिशेब वयावरून करा:

- क्रियान्सा: पेल्यात ओतून पंधरा-वीस मिनिटं. डिकँटरची गरज नाही.
- रेसेर्वा, दहा वर्षांच्या आत: डिकँटरमध्ये अर्धा तास. फ्रेंच ओकची, घट्ट, आधुनिक धाटणीची असेल तर तासभर.
- ग्रान रेसेर्वा, पंधरा वर्षांपर्यंत: अर्धा तास, आणि दर दहा मिनिटांनी एक घोट घेऊन बघा.
- वीस-पंचवीस वर्षांपुढची: हवा देऊ नका. गाळ वेगळा करण्यासाठी ओतायच्या अगदी आधी डिकँट करा आणि तास-दीड तासात संपवा.

जुन्या वाइनचा गंध पातळ आणि अस्थिर असतो. डिकँटरमध्ये दोन तास ठेवल्यावर जे उरतं ते आंबट, निर्जीव लागू शकतं. ‘महाग वाइनला जास्त हवा’ हा समज इथे बरोबर उलटा आहे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नुसतं बूच काढून बाटली तासभर उघडी ठेवणं. मानेतला हवेचा पृष्ठभाग नाण्याएवढा असतो. त्यातून वाइनला जवळपास काहीच हवा मिळत नाही.

गाळ वेगळा करताना मानेखाली मोबाइलचा टॉर्च उभा धरा, एकाच ओघात हळू ओता, मध्ये थांबून बाटली सरळ करू नका. गाळाची गडद रेघ मानेजवळ आली की थांबा. तळाशी दोन-तीन चमचे वाइन राहील, ती राहू द्या.

टप्पा ८: पेला भरा आणि चाखा

पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं असा पेला घ्या आणि तो एक तृतीयांशच भरा.

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कडेचा रंग बघा. क्रियान्साची कड जांभळट लाल असते. रेसेर्वामध्ये ती माणकासारखी, आणि जुन्या ग्रान रेसेर्वामध्ये विटकरी-नारिंगी. चार वर्षांच्या क्रियान्साची कड विटकरी दिसली तर साठवणीत काहीतरी बिनसलेलं आहे.

पहिला वास पेला न हलवता घ्या. हलवल्यावर लाकूड पुढे येतं आणि नाजूक वास मागे पडतात. मग हलवा आणि दुसऱ्यांदा घ्या. क्रियान्सामध्ये स्ट्रॉबेरी, आंबट चेरी आणि वर व्हॅनिला शोधा. रेसेर्वामध्ये फळ सुकलेलं होतं, लवंग-दालचिनी आणि तंबाखूचं सुकं पान येतं. ग्रान रेसेर्वामध्ये सुकं अंजीर, चामडं, अळंबी, पावसानंतर कुजणारा पाचोळा. हे शेवटचे वास ऐकायला विचित्र वाटतात, पण अशाच वासांसाठी लोक ही वाइन शोधत फिरतात.

तपासा: घोट गिळल्यावर दहापर्यंत मोजा. शेवटी जिभेवर फळ आणि आंबटपणा राहिला तर लाकडाचा तोल नीट आहे. फक्त भाजका, गोडसर व्हॅनिला उरला तर वायनरीने लाकूड जास्त केलं आहे, मग वर्ग कुठलाही असो.

दोन-तीन बाटल्या एकत्र चाखायच्या असतील तर एकाच वायनरीच्या घ्या आणि क्रियान्सापासून वर जा. अपवाद एकच: फार जुनी ग्रान रेसेर्वा आणि तरुण, दणकट, फ्रेंच ओकची रेसेर्वा समोरासमोर असतील तर जुनी आधी. उलट केलंत तर जुनीची चवच लागणार नाही.

टप्पा ९: सोबत काय वाढायचं

रिओहात या वाइनबरोबर द्राक्षवेलीच्या सुक्या फांद्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या, चोरिसो (डुकराच्या मांसाचं स्पॅनिश सॉसेज) घातलेला बटाट्याचा रस्सा आणि मेंढीच्या दुधाचं चीज खातात. मीठ, चरबी आणि धूर यांनी तुरटपणा मऊ होतो.

आपल्या ताटात खरी अडचण तिखटाची. मिरचीची आग अल्कोहोल आणि टॅनिन दोन्हींमुळे वाढते. तांबड्या रश्श्याबरोबर ग्रान रेसेर्वा उघडली तर दोघांचंही नुकसान. कमी तिखट, भाजल्या खोबऱ्याचं सुकं मटण, सीख कबाब, तव्यावरच्या अळंब्या यांच्याबरोबर क्रियान्सा आणि रेसेर्वा छान जुळतात. पांढरा रस्सा मिरी जपून घालून केला तर अमेरिकन ओकच्या रेसेर्वाबरोबर सुरेख लागतो, खोबऱ्याचा धागा दोन्हीकडे असतो. गोव्याच्या चोरीसमध्ये व्हिनेगर आणि तिखट दोन्ही जोरात असतात. त्याच्याबरोबर क्रियान्साच घ्या, तीही थोडी जास्त थंड. जुनी ग्रान रेसेर्वा जवळजवळ एकटीच प्यावी, फार तर सोबत चीजचा तुकडा.

टप्पा १०: उरलेली वाइन

बूच लावा आणि लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवा. लाल वाइन असली तरीही, कारण थंडाव्यात बिघाड मंदावतो. क्रियान्सा तीन दिवस, रेसेर्वा दोन दिवस चांगली राहते. वीस वर्षांपुढची वाइन त्याच रात्री संपवा.

अर्धीच प्यायची हे आधीपासून ठरलं असेल तर बाटली उघडल्या उघडल्या, पहिला पेला भरण्याआधी, 375 मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत वाइन तोंडापर्यंत भरून घट्ट बंद करा. आत हवा राहिलीच नाही तर चार-पाच दिवसही ती टिकते. पुन्हा पिताना अर्धा तास आधी फ्रिजमधून काढा. उकाडा असेल तर दहा मिनिटं पुरतात.